हरकत क्रमांक एकेचाळीस

पूर्णिमाआक्काला चुकीच्या वायरीचा लांबूनच वास येतो, असं आमच्या कारखान्यात सगळे म्हणतात. ती स्वतः म्हणते, "वास बिस काय न्हाय रं. मला वाचता येतंय, म्हनून दिसतंय. तुमी लोक वाचतासा कुटं?"

आक्का हिंडलग्याची. आयटीआय झालेली. गेली बावीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या छोट्या कारखान्यात पंपांची पॅनेलं जोडते. पॅनेल म्हणजे लोखंडी पेटी, तिच्यात शंभर-दीडशे वायरी आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला नंबराची बारीक टोपी. मी त्याच कारखान्यात इंजिनिअर आहे, म्हणजे कागदपत्रं सांभाळतो. माझी शाळा निपाणीची. तिथं संगणकाच्या तासाला आम्ही संगणकाचं चित्र काढत असू, आणि माझं चित्र वर्गात पहिलं आलं होतं. एवढ्या पुण्याईवर मी पुढं इंजिनिअर झालो.

तर गेल्या उन्हाळ्यात निपाणीच्या अलीकडच्या एका गावातून तक्रार आली. गावाची पाण्याची टाकी टेकडीवर, विहिरीवरचा पंप खाली, मधे दीड किलोमीटर दोन तारांची केबल, आणि तिच्या दोन्ही टोकांना बाहेरच्या एका कंपनीची एकेक छोटी पेटी. टाकीवरच्या पेटीनं "पाणी संपलं" म्हणायचं, खालच्या पेटीनं ते ऐकून पंप चालू करायचा. एवढाच संसार. पण करंट जाऊन आला की दोन्ही पेट्या मुक्या व्हायच्या, आणि गावाला पाणी नाही. तक्रारीत लिहिलं होतं, 'पॅनेलचं वायरिंग सदोष.' पॅनेल आक्कानं जोडलेलं.

आम्ही दोघं गेलो. गावचा वॉटरमन रवळूअण्णा वाटच बघत होता. आक्काला बघून म्हणाला, "वायरिंग तुमी केलंय व्हय? तरीच."

"तरीच म्हंजे?"

"न्हाय, म्हंजे… बाईमानसाच्या हाताला जोर कमीच की वो. स्क्रू ढिला ऱ्हातोय."

आक्कानं पेचकस त्याच्या हातात दिला. "घ्या. तुमच्या जोरानं एक तरी स्क्रू फिरवून दावा."

रवळूअण्णानं सात स्क्रू बघितले. एकही हलला नाही. मग त्यानं पेचकस परत दिला आणि हवापाण्यावर बोलायला लागला.

आक्कानं विचारलं, "मुकं झालं की तुमी काय करतासा?"

"काय करनार? टेकडीवर जातो. पेटीला दोन चापट्या देतो. मग बटन बंद करतो, तितंच बसून एक बिडी वडतो, परत बटन चालू. हुतंय बरोबर. चापटीला घाबरतंय ते."

मी हसलो. आक्का हसली नाही. तिनं तिच्या वहीत काहीतरी लिहिलं आणि केबलीच्या कडेनं चालायला लागली. अर्ध्या वाटेवर गटारीसाठी जेसीबीनं चर मारला होता. त्यात केबल तुटलेली, आणि कुणीतरी ती चिकटपट्टीनं सांधलेली. दोन तारा एकमेकींच्या जागी. उलट्या.

"सापडलं!" मी म्हणालो.

"काय सापडलं?" आक्कानं मला खालच्या पेटीपाशी परत आणलं आणि झाकणावरची ओळ बोटानं दाखवली. पेटी बनवणाऱ्या कंपनीनं ठसठशीत छापलं होतं: तारा उलट्या जोडल्या तरी चालेल. "चालेल म्हनलंय न्हवं? मग का चालंना?"

ह्या प्रश्नाचं उत्तर तिथं उन्हात उभं राहून मिळणार नव्हतं, आणि तोवर नळाला बायका घागरी घेऊन थांबल्या होत्या. आक्कानं तारा सुलट केल्या. पंप सुरू झाला. नंतर करंट कितीही वेळा जाऊन आला तरी सुरूच राहिला. रवळूअण्णानं माझ्याकडून अहवालाचा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'वायरिंग दुरुस्त केल्यावर चालू.' खाली आक्काची सही.

म्हणजे बघा. दुरुस्ती केली, आणि त्याच दुरुस्तीनं गुन्हा कबूल झाला.

आमचे मालक मारुतीराव माणूस वाईट नाहीत, पण त्यांच्यासाठी कागद हा देव आहे. पाणी खात्याची पुढची कामं त्या कागदावर अवलंबून. त्यांनी आक्काला केबिनमध्ये बोलावलं. "आक्का, सही तुमचीच हाय न्हवं?"

"हाय. पर दोष माजा न्हाय. सांधा भलत्याचा, आनि उलटा आसला तरी चालाय पायजे हुतं."

"मग कुनाचा हाय ते सांगा."

"म्हाईत न्हाय अजून."

"म्हाईत होईस्तोवर टोप्या लावायला बसा."

बावीस वर्षं पॅनेल जोडणारी बाई वायरींच्या टोकांना टोप्या लावायला बसली. तिच्या शेजारी तिनंच शिकवलेल्या पोरी. त्या खाली मान घालून काम करायच्या, तिच्या नजरेला नजर देत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आक्का डबा घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

"समर्थ, झाकनावर 'चालेल' लिवलंय ते कुनाच्या जिवावर?"

मी शोधलं. आणि इथून पुढं, खरं सांगतो, मी आजवर जे जग बघितलं होतं त्याच्या तळघरात उतरल्यासारखं झालं. दोन यंत्रांनी तारेवरून कसं बोलायचं, कोणी आधी, कोणी नंतर, ऐकू आलं नाही तर काय करायचं, ह्याचे नियम असतात. म्हणून तर एका कंपनीचं यंत्र दुसरीच्या यंत्राशी बोलतं. हे नियम आकाशातून पडत असावेत अशी माझी चार वर्षं इंजिनिअरिंग करून झालेली समजूत. तसं नसतं. माणसं समिती करून बसतात, मसुदा लिहितात आणि तो लोकांपुढं ठेवतात. ह्या दोन तारांच्या नियमाचा मसुदा तेव्हा असाच खुला होता. कंपनीनं पक्का व्हायच्या आधीच त्याच्यावरून पेट्या बनवून विकल्या होत्या. मसुद्याची एकशे अठरा पानं, आणि पहिल्याच पानावर लिहिलेलं: कोणीही हरकत नोंदवू शकतो. प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर दिलं जाईल.

"कोनीबी?" आक्कानं विचारलं.

"कोणीही."

"टोप्या लावनारी पन?"

मी परत वाचलं. टोप्यांबद्दल काही नव्हतं. आमच्याकडं गॅसवाल्याला दहा फोन केले तरी उत्तर येत नाही, आणि इथं कुणी अनोळखी लोक हिंडलग्याच्या बाईला लेखी उत्तर द्यायला बांधलेले! मी थक्क झालो. आक्कानं मात्र शेंगाची चटणी पुढं सरकवली आणि म्हणाली, "छापून काढ."

बारा दिवस तिनं तो मसुदा वाचला. ओळीखाली फूटपट्टी धरून, इंग्रजी शब्द मला विचारत. दर दोन ओळींना मी "हे असंच असतं आक्का" म्हणायचो आणि ती "असंच का?" म्हणायची. चौथ्या दिवसापासून मी रात्रीचा अभ्यास करून यायला लागलो. परीक्षेला केला नव्हता एवढा. शेवटी तिची फूटपट्टी नवव्या कलमावर थांबली. त्याचा अर्थ असा: तारेवरून निरर्थक गोंगाट ऐकू आला, तर तारा उलट्या आहेत असं समजून यंत्रानं थोडं थांबावं आणि आपल्या आतल्या आत तारा पालटून घ्याव्यात. किती थांबायचं ते यंत्रानं मनाला येईल तसं ठरवावं.

"बरोबर तर आहे," मी म्हणालो.

"बरोबरच वाटतंय," आक्का म्हणाली, पण फूटपट्टी उचलली नाही.

त्याच आठवड्यात एका कामाचं सामान पोचवून आम्ही संकेश्वरच्या स्टँडवर बेळगावच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारी पेरूची पाटी घेऊन एक म्हातारी. पाटी उतरवायला हात लावणाऱ्या बाईनं तिला नागुबाई म्हणून हाक मारलेली. आक्काला ती कानडी वाटली, म्हणून आक्कानं कानडीत विचारलं, "बस यावाग बरतैती?" बस कधी येणार? नागुबाईला आक्का मराठी वाटली, म्हणून ती मराठीत म्हणाली, "आत्ताच गेली की गं." ते ऐकून आक्का मराठीवर आली, "मग म्होरली कवा?" तोवर नागुबाई मघाच्या कानडीला मान देऊन कानडीवर गेलेली, "इन्न अर्ध तास." म्हणजे अजून अर्धा तास. आक्का परत कानडीवर, नागुबाई परत मराठीवर. आमच्या सीमेवरची ही जुनी खोड. पुढाऱ्यांना भाषेवरून भांडताना बघून लोकांना वाटतं इथं रोज डोकी फुटतात. इथली खरी अडचण अशी, की दोन भली माणसं एकमेकांची भाषा बोलायच्या नादात तासभर चुकत राहतात.

तिसऱ्या खेपेला नागुबाई वैतागली. "ए बाई! मी थोरली हाय. मी बोलीन तेच बोलीन. तू धाकटी, तू बदल."

आणि संवाद सुरळीत सुरू झाला. पेरूचा भावही ठरला.

आक्का मात्र पेरू हातात धरून उभीच. बस आली, तरी उभीच. मी ओढून आत बसवलं. हत्तरगीचा टोलनाका गेल्यावर ती बोलली. "समर्थ, त्या दोन पेट्या लई भल्या हायत रं. म्हनून अडलंय."

"म्हणजे?"

"गोंगाट ऐकला की हीबी पालटती, तीबी पालटती. दोघी पालटल्या की तारा परत उलट्याच. परत गोंगाट, परत दोघी."

"पण प्रत्येकीनं वेगवेगळं थांबायचं आहे ना? मनाला येईल तसं. एक आधी पालटेल."

"मन आनलंय कुटनं? दोघी एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी बनलेल्या. मन भरलंय ते एकसारखंच. आनि करंट आला की दोघी एकाच घटकेला जाग्या हुत्यात. ही तीन मोजती, तीबी तीनच मोजती." ती थांबली. "रवळूअण्णाच्या चापटीनं काय न्हाय झालं. बिडीनं झालं. एक पेटी बिडीभर उशिरा उठली, म्हनून सुटलं."

एकशे अठरा पानं लिहिणाऱ्यांना जे दिसलं नव्हतं ते ह्या बाईला पेरूच्या पाटीपाशी दिसलं. आणि पेरू तिनं अजून चावलाही नव्हता.

मग तिनं कारखान्यात कोपऱ्यातल्या टेबलावर त्याच कंपनीच्या दोन पेट्या मांडल्या, मधे तारा मुद्दाम उलट्या, दोघींना एकच बटण. रोज जेवणाच्या सुट्टीत बटण बंद, बटण चालू. दोनशे वेळा. एकशे त्र्याऐंशी वेळा पेट्या मुक्या राहिल्या. पहिल्या दिवशी बघायला मी एकटा होतो, सहाव्या दिवशी सगळ्या पोरी होत्या आणि प्रत्येक वेळी "गेलीऽ!" म्हणून ओरडत होत्या. मारुतीराव म्हणाले, "आक्का, बटन झिजवू नका." पण तेही थांबून वीसेक वेळा बघून गेले.

हरकतीच्या अर्जात रकाने असतात: कलम कुठलं, हरकत काय, बदल काय सुचवता. शेवटच्या रकान्यात आक्कानं सांगितलं ते मी इंग्रजीत लिहिलं. प्रत्येक पेटीला कारखान्यात दिलेला तिचा स्वतःचा क्रमांक असतो, दोघींचा कधीच एक नसतो. त्या क्रमांकावरून थांबायचा वेळ ठरवा. लहान क्रमांकाची लवकर पालटेल, मोठ्या क्रमांकाची बसून राहील. एकमेकींचा क्रमांक ठाऊक असायचीसुद्धा गरज नाही. आमची हरकत एकेचाळिसावी होती.

उत्तर आलं. खरंच लेखी आलं. 'नामंजूर. दोन यंत्रं एकाच क्षणी सुरू होण्याची शक्यता नगण्य आहे.' खाली बारीक अक्षरात, समाधान न झाल्यास बैठकीत बोलता येईल.

"नगन्य म्हंजे?" आक्कानं विचारलं.

"जवळजवळ नाहीच."

"दोनशातनं एकशे त्र्याऐंशी?" ती एवढंच म्हणाली. बैठकीला नाव नोंदवलं.

बैठक गुरुवारी दुपारी तीनला, मारुतीरावांच्या केबिनमधल्या संगणकावर. पडद्यावर बावीस चेहरे. मोठ्या शहरांतले प्राध्यापक, मोठ्या कंपन्यांचे तज्ज्ञ, पाठीमागं पुस्तकांची कपाटं. आमच्या पाठीमागं लक्ष्मीचं कॅलेंडर, पुढं टेबलावर आणून मांडलेल्या त्या दोन पेट्या आणि बटण. मी आक्कासाठी इंग्रजीत दीड पानाचं भाषण लिहून दिलं होतं. तिनं ते घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलं. त्याचा तेवढा उपयोग झाला.

एक पांढऱ्या केसांचे सदस्य फार सौजन्यानं म्हणाले, की मॅडमचा प्रयोग चांगला आहे, पण तो एका बटणावर केलेला आहे. प्रत्यक्षात दीड किलोमीटर अंतरावरची दोन यंत्रं एकाच क्षणी का सुरू होतील?

आक्कानं मान वाकडी करून पडद्याकडं बघितलं, आणि आमच्या बेळगावी हिंदीत अगदी मनापासून विचारलं, "सर, आपके यहाँ लाईट नहीं जाती क्या?"

मग खालच्या कोपऱ्यातला एक सदस्य एकदम मोठ्यानं हसला, मग आणखी दोघं. सौजन्यवाले सदस्य हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "माझ्याकडं जात नाही. मी हा विचारच केला नव्हता. बटण दाबून दाखवता का?"

तिनं दाबलं. पेट्या मुक्या. परत दाबलं. मुक्या. बावीस मोठी माणसं श्वास रोखून दोन बारीक लाल दिव्यांकडं बघत होती. मारुतीराव दारात उभे होते, हातातला चहा गार.

मग उपायावर चर्चा. सगळा गोड कारभार नव्हता. एक बाई म्हणाल्या, क्रमांक बारा आकडी असतो, एवढं थांबायचं तर गावाला पाणी पुढच्या वर्षी मिळेल. हे आक्काच्या ध्यानात आलं नव्हतं. मी टेबलाखाली हात चोळत होतो. ती म्हणाली, "बरोबर हाय तुमचं. शेवटचे आकडे घ्या." मग शेवटचे आकडे दोघींचे जुळले तर? तिढा सुटेना तर पुढच्या खेपेला त्याच्या आधीचे आकडे घ्या. असं करत करत बावीस जण आणि आक्का मिळून एक वाक्य घडवत गेले. शेवटी प्रश्न राहिला, यंत्रानं असं 'करावं' लिहायचं की 'केलंच पाहिजे'. पहिलं म्हणजे सल्ला, दुसरं म्हणजे बंधन. त्यावर वीस मिनिटं गेली. आक्का म्हणाली, "सल्ला देनारे लई हायत सर. बंधनच घाला."

घातलं. हरकत क्रमांक एकेचाळीस, फेरफारासह मंजूर.

मी रस्त्यानं जाताना आता कुठलीही पेटी बघितली, टोलनाक्यावरची, लिफ्टमधली, दवाखान्यातली, की मला वाटतं हिच्या पोटात असंच एक एक वाक्य आहे. त्या प्रत्येकावर कुठंतरी बावीस माणसं वीस मिनिटं भांडलेली असतील आणि जगाला पत्ता नाही. छापील नियमात कुणाचंच नाव नसतं. मी त्यावरून चिडलो, तर आक्का म्हणाली, "पॅनेलवर तरी माजं नाव कवा असतंय? चुकल्यावरच निघतंय."

कंपनीनं सुधारलेल्या पेट्या पाठवल्या त्या दिवाळीनंतर. आम्ही परत त्या गावात गेलो, आणि ह्या वेळी मारुतीराव स्वतः आले. नव्या पेट्या बसवून झाल्या, पंप सुरू झाला. आता परत जायचं असं मी समजलो. आक्का चराच्या जागी गेली, सांधा सोडला आणि दोन तारा उलट्या जोडायला लागली.

रवळूअण्णा धावत आला. "ओ आक्का! चालतंय त्याला कशाला हात लावतासा?"

"उलटं चालतंय काय बघायचंय."

"आनि न्हाय चाललं तर? गाव मला खाईल!"

"तुमाला न्हाय, मला खाईल. नाव माजंच हाय न्हवं कागदावर?"

तिनं सांधा पक्का केला, चिकटपट्टी गुंडाळली. विहिरीपाशी येऊन दोन्ही पेट्यांना करंट देणारा मेन स्विच खाली ओढला. पंप थांबला. पाणी भरायला आलेल्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या. मारुतीराव एकदा आक्काकडं, एकदा पंपाकडं बघत होते. तिनं स्विच वर केला.

दोन्ही पेट्या एकाच घटकेला जाग्या झाल्या. लाल दिवा. आक्काचे ओठ हलत होते. ती मोजत होती. एक, दोन, तीन, चार. इथली पेटी तशीच बसून राहिली. पाच. दीड किलोमीटरवर, टेकडीच्या माथ्यावर, कुणी न बघता दुसरी पेटी आपल्या आत पालटली. हिरवा दिवा लागला आणि पंपानं घरघर सुरू केली.

मला खरंच हात जोडावेसे वाटले. कुणाला, ते कळेना.

आक्कानं अहवालाचा कागद मागितला आणि ह्या वेळी स्वतः लिहिला: 'तारा उलट्या आहेत. तशाच ठेवल्या आहेत. पंप चालू.' सही करून रवळूअण्णापुढं धरला.

त्यानं दोनदा वाचला. "उलट्या हायत, आनि चालू?"

"व्हय."

"असं कसं लिवायचं वो?"

"जसं हाय तसं."

त्यानं सही केली. मारुतीरावांनी कागद घेतला, वाचला, घडी करून खिशात ठेवला. मग गाडीचं दार उघडून धरत म्हणाले, "आक्का, संकेश्वरचं मोठं पॅनेल आलंय. उद्यापासनं घेतासा?"

"सोबत दोन पोरी लागतील," आक्का म्हणाली आणि पुढच्या सीटवर बसली. माझी रोजची जागा ती. मी मागं, जुन्या पेट्यांशेजारी.